गूढ शब्दकोडे रचणाऱ्याची शैली कशी घडते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गूढ शब्दकोडे म्हणजे काय?

नेहमीच्या शब्दकोड्यात क्लू म्हणजे नुसता अर्थ असतो. ‘पाण्यातले एक फूल’ म्हटले की ‘कमळ’ लिहायचे. गूढ कोड्यातला क्लू वाचायला साधे वाक्य वाटतो, पण त्यात दोन भाग जोडलेले असतात. एक भाग उत्तराची व्याख्या देतो आणि दुसरा तेच उत्तर अक्षरांच्या खेळातून घडवतो. उदाहरणार्थ, ‘एक मळका, पण पोटात फूल (३)’. ‘एक मळका’ या दोन शब्दांच्या पोटात ‘कमळ’ सलग बसले आहे, ‘पोटात’ हा इशारा आहे आणि ‘फूल’ ही व्याख्या. कंसातला आकडा घरांची संख्या सांगतो. मराठीत एका घरात एक पूर्ण अक्षर येते, काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरासकट. म्हणून ‘चंद्र’ दोन घरांचा आणि ‘दिनदर्शिका’ पाच घरांची.

मग ‘शैली’ नेमकी कशाला म्हणायची?

एकच उत्तर चार जणांना द्या आणि क्लू मागा. ‘सरकार’ घेऊ.

‘शिक्षकामागे मोटार, कारभार पाहणारे (४)’: सर + कार.

‘असर कारकुनावर करणारे आत बसले आहे (४)’: अ(सर कार)कुनावर.

‘वाड्यावरचे धनी, मंत्रालयातली मंडळी (४)’: एका शब्दाच्या दोन व्याख्या.

‘बहुमताच्या खांबांवर उभे (४)’: अक्षरांचा खेळ नाही, व्याख्याच तिरकी.

चारही प्रामाणिक आहेत आणि चौघांचे स्वभाव वेगळे आहेत. पहिला विटा रचणारा आहे. दुसऱ्याला साधे वाक्य हवे असते, सोडवणाऱ्याला तिथे कोडे आहे हेसुद्धा कळू नये असे. तिसरा शब्दाच्या जुन्या-नव्या अर्थांत रमतो. चौथा चित्र काढतो. क्लू नियमात बसल्यानंतरही जी निवड शिल्लक राहते, ती निवड शंभर क्लूंमध्ये एका बाजूला झुकलेली दिसली, तर ती झुकण्याची दिशा म्हणजे शैली. चमकदार शब्द किंवा अवघडपणा म्हणजे शैली नव्हे.

आधी नियम शिकावेत की शैली?

नियम. इंग्लंडमध्ये, जिथे हा प्रकार वाढला, तिथला इतिहासही हेच सांगतो. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापून आले, ते साध्या व्याख्यांचे होते. गूढ वळण नंतर ब्रिटिश वृत्तपत्रांत मिळाले. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये १९२६ पासून एडवर्ड पॉइस मॅथर्स ‘टॉर्केमाडा’ या नावाने कोडी रचत. त्यांची कल्पनाशक्ती अफाट होती, पण क्लू न्याय्य कधी आणि नाही कधी हे तेव्हा ठरलेलेच नव्हते. १९३९ मध्ये त्यांच्या जागी डी. एस. मॅकनट आले. त्यांनी ‘झिमेनीस’ नावाने १९७१ पर्यंत काम केले आणि काटेकोर शिस्त घालून दिली: नेमकी व्याख्या, न्याय्य शब्दखेळ आणि त्याखेरीज काहीही नाही. त्यांच्यानंतर १९७२ पासून ‘अझेद’ म्हणजे जोनाथन क्राउदर यांनी ती शिस्त पुढे नेली.

दुसऱ्या बाजूला ‘गार्डियन’मध्ये १९५८ पासून रचणारे ‘अरौकेरिया’, म्हणजे पाद्री जॉन ग्रॅहम. त्यांनी या शिस्तीतून अनेकदा सूट घेतली, तरी वाचकांनी त्यांच्यावर जीव लावला. नवख्या मंडळींना हे उदाहरण फार आवडते, कारण त्यातून नियम मोडायची परवानगी मिळाल्यासारखे वाटते. पण अरौकेरियांच्या सैल क्लूमध्येही उत्तर सापडल्यावर ‘हो, हेच’ अशी खात्री पटते. नियम कशासाठी आहे हे पक्के माहीत असलेला माणूसच तो मोडून ही खात्री शाबूत ठेवू शकतो.

‘आफ्रित’ या टोपणनावाच्या ब्रिटिश रचनाकाराने यातली मेख एका वाक्यात सांगितली आहे. तिचा आशय असा: मी जे म्हणतो तेच माझ्या मनात असेल असे नाही, पण जे मनात आहे ते मी म्हटलेले असलेच पाहिजे. पहिल्या पन्नास क्लूंपर्यंत एवढे एकच वाक्य पुरते.

इंग्रजी कोड्यांची तंत्रे मराठीत जशीच्या तशी चालतात का?

काही चालतात, काही लंगडतात, आणि काही मराठीतच सापडतात. आपली शैली शोधणाऱ्याने इथे जास्तीत जास्त वेळ घालवावा.

*अक्षरांची अदलाबदल.* इंग्रजीत सव्वीसच अक्षरे, त्यामुळे वीस-पंचवीस अक्षरांची अदलाबदल जमते. अरौकेरिया त्यासाठी प्रसिद्ध होते. मराठीत ‘क’, ‘का’, ‘कि’, ‘की’ ही चार वेगळी अक्षरे. त्यामुळे लांब अदलाबदल जवळजवळ मिळतच नाही. दोन-तीन अक्षरी, कमी मात्रांचे शब्द मात्र चांगली साथ देतात: ‘तारक’, ‘कतार’ आणि ‘करता’ या तिघांत तीच तीन अक्षरे आहेत. ‘तारक गोंधळला, आखाती देश झाला (३)’ हा क्लू त्यातूनच येतो.

*दडलेला शब्द.* हा मराठीत फुलतो, कारण आपले शब्द बऱ्याचदा अकारान्त अक्षराने संपतात. ‘काम गरजेचे, आत दबा धरून पाण्यातला शिकारी (३)’ म्हणजे मगर. पण एक खड्डा नेहमीचा: ‘देव जनात’मध्ये ‘वजन’ दडले आहे असे वाटते, प्रत्यक्षात तिथे ‘व-ज-ना’ आहे. ‘देव जनकाचा’ घेतले तर ‘व-ज-न’ खरोखर मिळते. डोळ्यांना हा फरक सुटतो, म्हणून प्रत्येक दडलेला शब्द घरे आखून, एका घरात एक अक्षर लिहूनच तपासावा.

*उच्चारसाम्य.* आपण बहुतेक बोलतो तसे लिहितो, म्हणून इथे वाव कमी. ऱ्हस्व-दीर्घाच्या जोड्या तेवढ्या उरतात: ‘ऐकायला गरीब, तरी दिवस (२)’, दीन आणि दिन.

*मात्रांचा खेळ.* हा खास आपला. ‘मान, पण काना नाही: विचारांचे घर (२)’ म्हणजे मन. काना मोडणे, वेलांटी फिरवणे, अनुस्वार पुसणे या प्रत्येकातून क्लू निघतो. इंग्रजीचा साचा समोर ठेवून रचणाऱ्यांना हा प्रकार सुचतच नाही, आणि मराठी कोड्याचा खरा मोकळा प्रदेश तोच आहे.

विभक्तीचे काय करायचे? क्लू जमतो, पण प्रत्यय लागला की मोडतो.

इंग्रजीतल्या रचनाकाराला हा प्रश्न जवळपास पडतच नाही, आपल्याला प्रत्येक क्लूमध्ये पडतो. शब्दाला प्रत्यय लागला की सामान्यरूप होते: घोडा, घोड्याला, तारक, तारकाची. ‘तारकाची उलटापालट’ लिहिले, तर डोळ्यासमोर ‘ता-र-का’ येते आणि उत्तराला लागणारा ‘क’ क्लूमध्ये उरतच नाही. क्लू खोटा ठरतो.

उपयोगी पडणारे तीन मार्ग आहेत.

पहिला, ज्या शब्दाची अक्षरे प्रत्यक्ष वापरायची तो शब्द प्रथमेत ठेवावा. ‘तारक गोंधळला’ चालते, ‘तारकाला गोंधळवले’ चालत नाही.

दुसरा, ज्या शब्दाचा फक्त समानार्थी घ्यायचा आहे त्याला प्रत्यय खुशाल लावावा. ‘शिक्षकामागे मोटार’ यात ‘शिक्षक’ची अक्षरे उत्तरात जातच नाहीत, जातो तो ‘सर’. तिथे सामान्यरूपाने काहीही बिघडत नाही.

तिसरा, ज्यांचे एकवचनी सामान्यरूप बदलत नाही असे शब्द जमवावेत. गाडी, नदी, काठी असे कितीतरी ईकारान्त स्त्रीलिंगी शब्द या कामाचे आहेत.

व्याख्येलाही हाच नियम. ‘आखाती देशात’ ही ‘कतार’ची व्याख्या होत नाही, ती ‘कतारमध्ये’ची होते. लिंग आणि वचनही जुळले पाहिजे. ‘फुले’ म्हणून उत्तर ‘कमळ’ देणे ही फसवणूक आहे. नामाला नाम, क्रियापदाला क्रियापद.

या तीन मार्गांपैकी कोणता जास्त वापरता त्यावर तुमच्या वाक्यांची चाल ठरते. पहिल्यातून छोटी, क्रियापदाने संपणारी वाक्ये येतात. दुसऱ्यातून प्रवाही, गोष्टीसारखी वाक्ये येतात.

ऱ्हस्व-दीर्घाबाबत सूट द्यावी का?

नाही. ‘सूर्य मागे फिरला, योद्धा झाला (२)’ हा क्लू ‘रवी’ उलटून ‘वीर’ देतो. सध्याच्या लेखननियमांनुसार सुटा ‘रवी’ दीर्घ लिहितात, म्हणून तो जुळतो. ‘रविवार’मध्ये तोच ऱ्हस्व होतो, तिथून उचललात तर ‘विर’ मिळेल. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ मध्ये पडलेली भर हाताशी ठेवा. एका कोड्यात जुने आणि नवे लेखन मिसळू नका.

इशाऱ्याचे शब्द कुठून आणावेत?

शैली सर्वांत लवकर दिसते ती इथेच. इंग्रजीतल्या इशाऱ्यांच्या याद्या भाषांतरित करून वापरल्या की ‘पुनर्रचित’, ‘विपर्यस्त’, ‘अंतर्भूत’ असे शब्द येतात. असा क्लू लांबूनच ‘मी कोडे आहे’ म्हणून ओरडतो. आपल्या घरातले शब्द पाहा. मिसळण्यासाठी काला, भेळ, मिसळ, गोंधळ, खिचडी. पोटात घेण्यासाठी कुशीत, ओटीत, गाभाऱ्यात, मुठीत. उलटण्यासाठी माघारी, उलट्या पावली, आणि उभ्या शब्दासाठी शीर्षासन. पहिले अक्षर उडवायला ‘बिनडोक’: ‘कपाट बिनडोक, बसायला लागते (२)’ म्हणजे पाट.

आणि एक इशारा असा, की जो दुसऱ्या कुठल्या भाषेला मिळणार नाही: ‘ध’चा ‘मा’. नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली शनिवारवाड्यात झाला. हुकुमातल्या ‘धरावे’चे आनंदीबाईने ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक आहे. म्हणून हा क्लू पाहा: ‘पृथ्वी आनंदीबाईच्या हाती पडली आणि हल्ला झाला (२)’. पृथ्वी म्हणजे धरा, ‘ध’चा ‘मा’ केला की ‘मारा’. इथे संदर्भ सजावटीला आलेला नाही, तोच शब्दखेळाचे काम करतो.

एक वही केवळ इशाऱ्यांसाठी ठेवा. वापरलेल्या इशाऱ्यापुढे तारीख टाका आणि पुढच्या पाच कोड्यांत तो पुन्हा घेऊ नका.

वाक्याचा वरवरचा अर्थ किती सुबक हवा?

‘पावसाळा’ या उत्तराचा प्रवास पाहिला तर ते कळेल. घरे मांडली: पा-व-सा-ळा. मधली दोन घरे ‘वसा’, बाहेरची दोन ‘पाळा’. म्हणजे ‘पाळा’च्या पोटात वसा.

पहिला मसुदा: ‘पाळामध्ये व्रत, ऋतू (४)’. नियमाला धरून, पण वाक्य म्हणून निर्जीव. शिवाय ‘पाळामध्ये’ हे मराठीच नाही.

दुसरा मसुदा: ‘व्रत पोटात घेऊन पाळा ऋतू (४)’. आता वाक्य बोलू लागले, मात्र ऋतू पाळतात असे कुणी म्हणत नाही.

मग प्रश्न विचारायचा: व्रते आणि पावसाळा कुठे भेटतात? चातुर्मासात. त्यावरून तिसरा मसुदा: ‘व्रत मनी धरून पाळा, चातुर्मास यात सुरू होतो (४)’. शब्दखेळ तोच, व्याख्या अचूक, आणि वाचताना आजीने दिलेला सल्ला वाटतो.

पहिल्या मसुद्यावर थांबणाऱ्याला शैली येत नाही. व्याख्या आणि शब्दखेळ एकाच जगातले असावेत, हा आग्रह धरला की दहापैकी तीन-चार क्लूंना तरी असा सांधा सापडतो. उरलेल्यांना निदान बोलता येईल असे मराठी वाक्य द्यावे.

आडव्या आणि उभ्या शब्दांच्या क्लूमध्ये फरक करावा का?

हो, आणि हा फरक नवोदितांना फार उशिरा कळतो. ‘कारभार’ आडवा असेल तर ‘गाडीमागे ओझे, हेच व्यवस्थापन (४)’ बरोबर. तोच शब्द उभा असेल तर ‘गाडीखाली ओझे’ लिहावे. ‘गाडीवर ओझे’ लिहिले तर भार वर जातो आणि ‘भारकार’ होते.

रोजचा सराव कसा करावा?

झिमेनीस आणि अझेद यांच्या कोड्यांबरोबर एक स्पर्धा चालत असे: सगळ्यांना एकच शब्द दिला जाई आणि प्रत्येकाने त्याचा क्लू रचून पाठवायचा असे. घरच्या घरी हेच करता येते. दिवसाला एक शब्द घ्या आणि त्याचे तीन क्लू तीन वेगळ्या तंत्रांनी लिहा. वही बंद करून चार दिवस थांबा. पाचव्या दिवशी व्याख्या कुठे संपते तिथे उभी रेघ मारा. रेघ मारता येत नसेल, किंवा रेघेच्या दोन्ही बाजूंना न बसणारा एखादा शब्द लोंबकळत असेल, तर क्लू सदोष. बहुधा तो शब्द ‘अरे’, ‘पाहा’ किंवा वाक्य गोड करायला घातलेले एखादे विशेषण असते.

साठ क्लू झाले की मोजणी करा. कोणते तंत्र किती वेळा आले? किती वाक्ये स्वयंपाकघरातली, किती इतिहासातली, किती क्रिकेटची? हा तक्ता तुमच्या स्वभावाचे खरे चित्र देतो, आणि ते बहुतेकदा अपेक्षेपेक्षा वेगळे निघते. त्यात जे भरपूर आहे ते तुमचे बळ. जे शून्य आहे त्याचे पुढचे दहा क्लू मुद्दाम लिहा.

वीस क्लूंच्या कोड्यासाठी साधारण प्रमाण असे राहू द्यावे: जोडशब्द (‘सर + कार’सारखे) पाच, दडलेले तीन, अदलाबदल दोन, दुहेरी व्याख्या तीन, पोटातले दोन, उलटे एक, मात्रांचे दोन, तिरक्या व्याख्या दोन. ‘वर्षभर भिंतीवर लटकून दिवस काढते (५)’, म्हणजे दिनदर्शिका, असा क्लू वाचायला मजेचा वाटतो. पण त्यात अक्षरांचा आधार नसतो, म्हणून दोनांपेक्षा जास्त नकोत.

चौकटीवरही शैली दिसते का?

कमी, पण चौकट बिघडली तर सगळे बिघडते. इंग्रजीत १५ × १५ रूढ आहे. मराठीत आडव्या शब्दातल्या ‘का’ला उभ्या शब्दातला ‘का’च छेदू शकतो, म्हणून ९ × ९ ने सुरुवात करा. त्यात सोळा ते वीस शब्द बसतात. छेद येणाऱ्या घरात र, न, क, त, ल, स, व, म अशी बिनमात्रांची अक्षरे पडतील असे शब्द आधी मांडा, जोडाक्षरे बिनछेदाच्या घरात ठेवा. तीन घरांच्या शब्दाला निदान एक आणि चार-पाच घरांच्या शब्दाला दोन छेद हवेतच. चौकट अर्धी फिरवली तरी तशीच दिसावी.

आवडत्या रचनाकाराची नक्कल केली तर चालेल?

सुरुवातीला अवश्य करा, पण एकाची नको. तीन वेगळ्या प्रकृतीच्या रचनाकारांचे प्रत्येकी वीस क्लू सुटे करून पाहा: व्याख्या कुठे आहे, इशारा कोणता, फसगत नेमकी कोणत्या शब्दावर होते. मराठीत साहित्य कमी वाटले तर मागे जा. आपल्याकडे संतांची कूटे आहेत, लग्नातले उखाणे आहेत. मोरोपंतांनी तर ‘निरोष्ठ रामायण’ लिहिले, म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठांनी उच्चारायची अक्षरे वर्ज्य. त्यात ‘राम’ हा शब्दच बसत नाही. बंधनातून वाक्य कसे वाकते आणि तरी मराठी राहते, हे शिकायला याहून चांगली शाळा नाही.

कोडे अवघड करणे म्हणजे शैली आहे का?

नाही. दुर्मीळ शब्द, अपरिचित गावे, कोशाच्या तळाशी सापडलेले अर्थ यांनी कोडे जड होते, खोल होत नाही. उत्तर साधे आणि वाट वाकडी, हे प्रमाण योग्य. उत्तर दुर्मीळच असेल तर शब्दखेळ सोपा ठेवा, म्हणजे सोडवणारा अक्षरांवरून तिथे पोचू शकेल.

एका विषयाभोवती कोडे गुंफावे का? खासगी संदर्भ चालतात का?

विषय जरूर घ्यावा, पण तो न कळताही कोडे सुटले पाहिजे. अरौकेरिया यांनी आपल्याला कर्करोग झाल्याचे वाचकांना कोड्यातूनच कळवले, ‘गार्डियन’मध्ये ते जानेवारी २०१३ मध्ये आले. इतकी खासगी गोष्ट, तरी प्रत्येक क्लू नियमाने सुटत होता. तुमच्या गल्लीतल्या दुकानाचे नाव माहीत असल्याशिवाय जो क्लू सुटत नाही, तो काढून टाका.

चाचणी कशी घ्यावी?

दोन माणसे हवीत, एक मुरलेला आणि एक नवा. त्यांच्याकडून केवळ उत्तरे घेऊ नका. प्रत्येक उत्तराशेजारी ते कसे निघाले हे लिहून मागा. उत्तर बरोबर पण उकल चुकीची असेल तर व्याख्या फार उघडी आहे. उकल सापडली पण खात्री नाही, तर इशारा कमजोर आहे. दोघांनाही दुसरेच उत्तर बसत असेल, तर क्लू कितीही लाडका असला तरी बदला. चाचणी चालू असताना शेजारी बसून समजावू नका. छापल्यावर तुम्ही तिथे नसणार.

शैलीचा साचा झाला हे कसे ओळखायचे?

तुमचे नेहमीचे सोडवणारे क्लू न वाचता इशारा शोधू लागतात. ‘काला’ दिसला की अदलाबदल, ‘कुशीत’ दिसले की पोटातला शब्द. अशा वेळी तोच शब्द खऱ्या अर्थाने वापरा. ‘काला’ ही व्याख्याच होऊ द्या, उत्तर ‘गोपाळकाला’चा एखादा भाग असू द्या. महिनाभर एक आवडते तंत्र पूर्ण बंद ठेवणे हाही चांगला उपाय आहे.

टोपणनाव घ्यावे का?

घ्यावे. टॉर्केमाडा, झिमेनीस आणि इंग्रजी लिपीत उलट वाचल्यावर ‘देझा’ होणारा अझेद ही तिन्ही स्पेनमधल्या धर्मन्यायसभेच्या अधिकाऱ्यांची नावे. अरौकेरिया हे एका काटेरी झाडाचे नाव, ज्याला इंग्रजीत ‘माकडाला पडलेले कोडे’ अशा अर्थाचे नाव आहे. नावावरूनच वाचक ठरवतो की आज सावध बसायचे की पाय पसरून. दोन किंवा तीन अक्षरांचे, सहज उच्चारता येणारे, आणि अदलाबदल केल्यावर दुसरा शब्द देणारे नाव मिळाले तर उत्तम. ‘तारक’ अजून मोकळे असावे.